आठास सात

कीथली. गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात दुसरंच.
पहिल्या वर्षी बसवाल्यानं मला तीनदा दुरुस्त केलं.
आता मी दुरुस्त करतो, रात्री जेवणं झाल्यावर,
जुन्या खेळांचे चंद्र.

शेजारच्या जेनीननं नवा टीव्ही घेतला, भिंतभर.
त्यावर तिच्या लहानपणचा खेळ लावला
तर कंदीलवाला पोरगा काडीसारखा,
चंद्र उभ्या अंड्यासारखा.
"आजारी दिसतोय गं," ती त्यालाच म्हणाली.

मी पट्टी काढली. स्टीलची, सहा इंची.
काचेला लावून चंद्राची रुंदी घेतली, मग उंची.
दोनशे छप्पन्न ठिपके आडवे, दोनशे चोवीस उभे,
आणि ठिपका चौरस नाही.
तो कधीच नव्हता:
उंचीला सात तर रुंदीला आठ,
सुतभर आडवा,
बाकावर कुणाला जागा द्यावी म्हणून
सरकलेला, पण उठला नाही असा.

वडिलांनी माझ्याकडून निमकी, पावकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली,
आठ सप्तमांशाचा पाढा मात्र कुणी रचला नव्हता.
मी रचला. बावीस ओळींत.
पहिल्या रात्री भिंती थरथरल्या.
काही विटा दोन ठिपक्यांच्या, काही तीनच्या,
पोरगा चालू लागला की तटबंदी
ओल्या कापडासारखी सुरकुतायची.
मग कडा जराशा पुसल्या, बोटानं काजळ पुसावं तशा.
तिसऱ्या रात्री चंद्र गोल.
पट्टी म्हणाली गोल.
खिशातलं दोन पौंडांचं नाणं काढून धरलं,
बरोब्बर झाकला गेला.

रविवारी डीन आला, तिचा भाऊ,
हलच्या गोदीत ट्रक लावून.
हात धुऊन कोचाच्या कडेवर टेकला
आणि पहिल्याच खंदकात पडला.
पुन्हा पडला.
"बोटं विसरली तुझी."
"बोटं विसरत नसतात," म्हणाला, नि परत पडला.
मग माझ्याकडे वळून:
"हा चंद्र कुणाचा?"

आमचा बसका होता, म्हणाला.
बनपाव कुणी उशाला घेऊन झोपल्यासारखा.
वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी,
वरच्या पट्टीवर आई चिठ्ठ्या चिकटवायची,
दंतवैद्याची तारीख वगैरे,
तिथं झाकायला काही नव्हतंच.
आणि संगीताला अशी घाई नव्हती.

मला ठाऊक होतं.
साठाचा खेळ पन्नासाच्या घरात आला होता.
इथं विकताना कुणी फार काही बदललं नाही,
तो नुसता मंदावला, नुसता चेपला,
आणि पोरांनी तोच खेळ म्हणून मान्य केला.
ती चूक मी मोजली होती, वहीत टिपली होती,
मग काढून टाकली होती
तांदळातला खडा काढावा तशी.

खडा परत घातला.
वर काळं, खाली काळं, सेकंदाला पन्नास,
चंद्र दाबून बसवला.
डीननं चहाचा मग गुडघ्यांत धरला
आणि खंदक ओलांडला, पुढचा, त्याच्या पुढचा,
जेनीनच्या कुत्र्याच्या दुखऱ्या पायाबद्दल बोलता बोलता,
पडद्याकडे फारसं न पाहता.
मला पट्टी कुठं ठेवावी कळेना.

आता यादीत दोन नोंदी आहेत:
एक "बरोबर",
दुसरी "डीनचं".
जेनीनकडे पहिली कधी उघडलेली नाही.
काल साखर परत करायला गेलो
तर टीव्हीच्या वरच्या काळ्या पट्टीवर
पिवळी चिठ्ठी:
दूध. बल्ब.
बुधवारी डबे बाहेर.